समोरची खुर्ची

सहा महिने लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत राहून आले आणि पहिल्याच रविवारी लालबागला मामांकडे गेले. मामा आता ऐंशीच्या पुढे. वीस वर्षं त्यांनी गिरणीत साचे चालवले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, चाळीतली खोली मात्र राहिली. मी दिलेली चॉकलेटांची पिशवी त्यांनी न उघडता फडताळात ठेवली आणि विचारलं, "तिकडं गिरण्या आहेत का गं?"

होत्या, म्हटलं. लेक राहते ते डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं, तंबाखू आणि कापूस या दोन गोष्टींवर वाढलेलं गाव. सिगारेटच्या कारखान्याचं विटांचं धुराडं अजून उभं आहे, त्यावर 'लकी स्ट्राइक' ही अक्षरंही आहेत, पण खाली आता कचेऱ्या आणि हॉटेलं. कापडगिरण्यांचंही तेच झालं.

"म्हणजे इथल्यासारखंच," मामा म्हणाले आणि गप्प बसले.

जाण्याआधी आमचा एक वाद अर्धवट राहिला होता. मी म्हणत होते, माणसं समोरासमोर बसून बोलली तर द्वेष कमी होतो. मामांचं म्हणणं, द्वेष बोलून जात असता तर एवढे कायदे कशाला करावे लागले असते? त्या वादासाठीच मी डरहॅमची एक गोष्ट राखून ठेवली होती.

"मामा, त्या गावातल्या एका गिरणी कामगाराच्या पोराची गोष्ट ऐका. सी. पी. एलिस त्याचं नाव. गोरा, १९२७ चा जन्म. बाप कापडगिरणीत होता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. कापसाची धूळ छातीत बसली असणार, असं एलिस म्हातारपणी सांगायचा. तेव्हा तिथं त्या रोगाचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं."

मामांनी नकळत छातीवर हात ठेवला. "आमच्यात दमा म्हणायचे. रुई उडायची ना, नाकातोंडात, भाकरीवर. डॉक्टर कागदावर दमाच लिहायचा. पुढं?"

"पुढं आठवीत शाळा सुटली. सतराव्या वर्षी आई आणि बहीण पदरात. लग्न झालं, चार मुलं, त्यातलं एक जन्मापासून आंधळं, बोलता न येणारं. कर्ज काढून पेट्रोलपंप घेतला. आठवडाभर राबायचं आणि महिनाअखेरीला हप्ता भरला की हातात काही नाही. देवळात सांगतात कष्ट कर, बरं होईल. हा कष्ट करतोय आणि बरं होत नाही. मग राग कुणावर काढायचा? बँक दिसत नाही, सरकार दिसत नाही. काळा माणूस मात्र रस्त्यापलीकडं दिसतो."

"मग?"

"मग कू क्लक्स क्लॅन, काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांची संघटना. अंधाऱ्या सभागृहात शपथ घेतली, पांढरा झगा चढवला आणि समोरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. वर चढत चढत तो डरहॅमच्या क्लॅनचा म्होरक्या झाला. १९६८ मध्ये मार्टिन ल्युथर किंगना गोळी घातली, त्या दिवशी या माणसानं पंपावर मित्र जमवून आनंद साजरा केला."

मामांचा चेहरा कठीण झाला. "आणि अशा माणसाशी बोलायला बसायचं म्हणतेस तू?"

"मी नाही म्हणत. एक बाई बसली."

त्या बाईबद्दल, ॲन ॲटवॉटरबद्दल, सांगायचं तर तिच्या घरापासून सुरुवात करावी लागते. शेतावर वाट्यानं राबणाऱ्या काळ्या कुटुंबात १९३५ साली जन्मलेली ही बाई चौदाव्या वर्षी बायको झाली, नवऱ्यामागं डरहॅमला आली आणि नवरा सोडून गेल्यावर दोन मुलींसह एका पडक्या भाड्याच्या घरात राहिली. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली. गरिबी हटवण्याच्या एका कार्यक्रमातला तरुण कार्यकर्ता, हॉवर्ड फुलर, तिच्या दाराशी आला. घरमालकाला जाब विचारता येतो, हे तिला त्या दिवशी कळलं. मग तिनं सरकारी मदतीच्या नियमांचं जाड पुस्तक मिळवलं, वाचलं, आणि दारोदार जाऊन बायकांना सांगायला लागली की हे तुमचं आहे, मागा. ज्या हेटाय वस्तीत काळ्यांची दुकानं, देवळं, नाटकघरं होती, तिच्यावरून त्याच सुमारास मोठा रस्ता गेला. हजारो कुटुंबं उठली. मी त्या रस्त्यावरून रोज दवाखान्यात जात होते. मोटारीत बसून दोन मिनिटांत ती वस्ती ओलांडली जाते.

"ती आणि एलिस एकमेकांना आधीपासून ओळखत होते," मी सांगितलं. "नगरपालिकेच्या सभांत दोघंही यायचे, एकमेकांविरुद्ध ओरडायला. एकदा एलिस काळ्यांबद्दल जे बोलला त्यावर तिनं पर्समधून चाकू काढला. बरोबरच्यांनी धरलं म्हणून वाचला."

"चुकलंच तिच्या सोबतच्यांचं," मामा म्हणाले. ते मनापासून म्हणाले. "मला एक सांग. ज्याच्या आज्याला साखळीनं बांधून आणलं, ज्याच्या लेकराला शाळेत घेत नाहीत, त्यानंच पुढं होऊन समोरच्याची समजूत काढायची? मार खाल्ला त्यानंच मलमही लावायचं? तुमच्या या बोलण्याबसण्याच्या गोष्टींत नेहमी हेच असतं. थोर कोण, तर ज्यानं सोसलं आणि वर माफही केलं तो. मारणाऱ्याकडून कुणी काही मागत नाही."

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. मेरीलँडचा डॅरिल डेव्हिस नावाचा एक काळा पियानोवादक १९८३ पासून क्लॅनच्या माणसांशी मैत्री करत आला आहे. त्यातल्या कित्येकांनी झगे उतरवून त्याच्या हाती दिले. मी त्याचं नाव काढल्यावर मामा लगेच म्हणाले, "एकेक माणूस करत बसलं तर किती पिढ्या लागतील?" हा आक्षेप डेव्हिसवर त्याच्याच देशातल्या चळवळीतल्या लोकांनी घेतला आहे. मला डेव्हिसबद्दल आदर आहे. पण त्याच्यासारखं वागणं हे कुणाचं कर्तव्य ठरवता येत नाही, हे मामांचं म्हणणं मला मान्य करावंच लागलं.

"म्हणूनच डेव्हिसची नाही, ॲनची गोष्ट सांगते," मी म्हटलं. "तिला कुणाची समजूत काढायची नव्हती, माफ तर अजिबात करायचं नव्हतं. ती मुलांच्या शाळेसाठी आली होती."

१९५४ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या होत्या. सतरा वर्षं डरहॅमनं चालढकल केली. अखेर कोर्टाच्या हुकमानं मुलं एकत्र बसवायची वेळ आली आणि गाव तापलं. तेव्हा, १९७१ च्या जुलैमध्ये, गावातल्या सगळ्या थरांतल्या माणसांना दहा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र बसवायचं ठरलं. पैसा केंद्र सरकारचा, आणि तो आणला राज्यातल्या कामगार संघटनेनं.

"युनियननं?" मामा सावरून बसले.

"युनियननं. बैठक चालवायला बिल रिडिक नावाचा काळा माणूस बाहेरून बोलावला. त्यानं आधी गावात फिरून विचारलं की इथं सगळ्यात टोकाची माणसं कोण. दोन नावं आली आणि त्यानं त्या दोघांनाच बैठकीचे अध्यक्ष केलं. दोघंही अध्यक्ष, एक वर एक खाली नाही. एलिसला ॲनचं नाव ऐकूनच घाम फुटला होता. पण आपण नाही म्हटलं तर शाळांचं ती एकटी ठरवेल, म्हणून आला. तीही त्याच हिशेबानं आली."

"खुर्च्या सारख्या होत्या?" मामांनी विचारलं.

"सारख्या."

मामा उठले, मोरीतून तोंडावर पाणी मारून आले आणि मग बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना फार कमी वेळा ऐकलं आहे.

"तुझे आजोबा, माझा बाप, विणखात्यात होता. पंचवीसच्या आसपास गिरणीला लागला. आपले सातारकडचे, कोकणातले, सगळे मराठे विणखात्यात. विणखात्यात पैसे जास्त. दलितांना रिंगखात्यात घ्यायचे, विणखात्यात नाही. का नाही? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागतो, त्याला थुंकी लागते. त्यांची थुंकी लागलेला धागा आपण कसा तोंडात धरायचा? बस, एवढंच कारण. तेवढ्या थुंकीवर एका जातीच्या माणसांचा पगार पिढ्यान् पिढ्या कमी. अठ्ठावीसच्या संपात आंबेडकरांनी सांगितलं, संपात आमची माणसं पाहिजेत तर विणखातं उघडा, मागण्यांत घाला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी घातलं, पण कुरकुरत. मालक म्हणाले, हे आमचं पाप नाही, तुमचंच आहे. आणि ते खोटं नव्हतं. मालकानं बंदी घातली नव्हती. माझ्या बापानं घातली होती. तो सगळं आयुष्य लाल बावट्यात होता. कामगार एक हो म्हणून त्यानं लाठ्या खाल्ल्या. पण पाण्याचा माठ वेगळा, हे त्याला कधी टोचलं नाही."

"तुम्ही हे कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही." मग जरा थांबून, "आणि मला सांगायचं नव्हतं."

मी डरहॅमकडे परत वळले, कारण मामांच्या या बोलण्यानंतर लगेच काही बोलणं मला जमत नव्हतं.

त्या दहा दिवसांतल्या तीन गोष्टी माझ्या मनात राहिल्या आहेत. ओशा ग्रे डेव्हिडसन यांचं या दोघांवरचं १९९६ चं पुस्तक मला डरहॅमच्या ग्रंथालयात मिळालं आणि स्टड्स टर्केलनं एलिसची घेतलेली मुलाखत लेकीनं शोधून दिली, त्यांत त्या आहेत. पुढं सिनेमाही निघाला. पण पुस्तक वाचून मी, ती बैठक जिथं झाली त्या आर. एन. हॅरिस शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले, तेव्हा त्या जास्त जवळ आल्या. साधी प्राथमिक शाळा. आपल्याकडच्या नगरपालिकेच्या शाळेसारखा लांबट व्हरांडा.

पहिली गोष्ट प्रदर्शनाची. बैठकीत प्रत्येक बाजूनं आपलं म्हणणं मांडायचं, तर एलिसनं एका जागी क्लॅनचा झगा, पत्रकं, पुस्तकं मांडून ठेवली. काळी पोरं ते फाडायला निघाली. ॲन आडवी उभी राहिली. फाडू नका, आधी वाचा, या माणसाच्या डोक्यात काय आहे ते कळल्याशिवाय त्याच्याशी लढणार कसे, असं तिचं सांगणं होतं. एलिसनं हे लांबून पाहिलं. आपल्या वस्तूंची राखण ज्या बाईनं केली तिच्याशी आता काय बोलावं, हे त्याला कळेना.

"हे माफ करणं नव्हे," मामा लगेच म्हणाले. "ही शत्रूची ताकद मोजणं झालं."

"मलाही तेच वाटतं. आणि दुसरी गोष्ट ठेक्याची. रोज बैठक संपताना काळ्या चर्चमधली गाणी व्हायची. गोरी माणसं अंग चोरून बसलेली. एलिसचे पाय हलायला लागले. त्यानं टाळी वाजवायला सुरुवात केली, पण ती चुकीच्या जागी पडत होती. ॲननं त्याचे हात धरले आणि टाळी कुठं द्यायची ते दाखवलं."

भजनी मंडळात चाळीस वर्षं टाळ धरलेल्या मामांना हे ऐकल्यावर राहवेना. "कुठं देतात टाळी?"

मी दाखवलं. आपण एक-दोन-तीन-चार मोजून समेवर टाळी देतो. ते दोनवर आणि चारवर देतात. मामांनी करून पाहिलं. हात आपसूक एकवर पडायचा. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमलं, पुन्हा निसटलं. "अवघड आहे गं," ते म्हणाले. "माहीत असून हात ऐकत नाही."

तिसरी गोष्ट सांगताना माझा आवाज मला सांभाळावा लागला. एका बैठकीनंतर दोघंच बसले होते. ॲन म्हणाली की लेक शाळेतून रडत येते, मास्तर वर्गात माझी टिंगल करतात. एलिस म्हणाला, माझ्याही मुलाचं तेच, बाप क्लॅनवाला म्हणून मास्तर वर्गात टोमणे मारतो. दोघांची मुलं गरिबांच्या शाळेत, दोघांची सारखी अपमान गिळून घरी येणारी. एलिसला रडू आलं, तीही रडली. त्याच्याही आधीची त्याची एक जखम होती. रात्री फोन करून 'आमच्या सभेला माणसं आण' म्हणणारा नगरसेवक दिवसा रस्त्यात दिसला, की पलीकडच्या फुटपाथवर जायचा. आपल्याला वापरलं जातंय हे एलिसला तेव्हाच कळायला लागलं होतं. पण ते कबूल करायचं कुणापाशी? ज्यांच्यात बसत होता त्यांच्यापाशी तर शक्यच नव्हतं.

शेवटच्या रात्री भरल्या सभागृहात त्यानं खिशातलं क्लॅनचं कार्ड काढलं आणि फाडलं.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, वाद जिंकला. मग ते म्हणाले, "आता माझं ऐक. तू म्हणशील, एकत्र काम केलं, एकत्र बसले, एकमेकांची पोरं कळली, की जातो द्वेष. आम्ही नव्हतो का एकत्र? तोच भोंगा, तीच पाळी, तोच जॉबर छळणारा, तीच फाटकी पगाराची पाकिटं. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत काय झालं? दलित पँथरची सभा उधळली, चाळीचाळींत दगड. पाच दिवसांनी त्यांचा मोर्चा निघाला, त्याच्यावर वरून दगड टाकला. भागवत जाधव नावाचा जवान पोरगा गेला त्यात. सकाळी एका गिरणीत शिरणारी माणसं होती ती दोन्हीकडची. त्यांचं नावच बघ की, पँथर. तुझ्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतलेलं. म्हणजे आमच्या पोरांना अमेरिकेतली गोष्ट कळली होती. आम्हाला समोरच्या चाळीतली कळली नाही."

"तुम्ही कुठं होतात?"

"वरळीलाच. मेव्हण्याकडं गेलो होतो. माझ्या हातात दगड नव्हता, शपथ घेऊन सांगतो. पण गॅलरीतून दिसायला लागलं तसं मी खिडकी लावून घेतली."

मी त्यांच्या बाजूची आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, कारण ती दडवून वाद जिंकण्यात अर्थ नव्हता. डरहॅमपासून तासाभराच्या अंतरावर ग्रीन्सबरो आहे. तिथं ३ नोव्हेंबर १९७९ ला क्लॅनविरोधी मोर्चासाठी जमलेल्या लोकांवर क्लॅन आणि नाझी गटाच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसं मेली. त्यांच्यातले काही कापडगिरण्यांत युनियन बांधणारे होते. टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर घडलं, तरी गोऱ्यांच्या ज्यूरीनं मारेकऱ्यांना निर्दोष सोडलं. एलिसनं कार्ड फाडून आठ वर्षं झाली होती तेव्हा.

"मग तुझी गोष्ट कशाला?" मामांनी विचारलं. रागानं नव्हे, खरंच उत्तर हवं म्हणून.

मी जे उत्तर दिलं ते मला त्या खोलीत बसल्याबसल्याच सुचत गेलं. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसती माणसं जवळ आणून पूर्वग्रह जात नाहीत. दोन्हीकडच्यांचा दर्जा त्या जागी सारखा लागतो, काम दोघांच्या गरजेचं लागतं, ते एकमेकांवाचून होणार नाही असं लागतं, आणि वरून कायद्याचा, संस्थेचा पाठिंबा लागतो. गिरणीत काम एक होतं, पण विणखात्याचं दार बंद होतं. खुर्च्या सारख्या नव्हत्या. डरहॅमला कोर्टानं आधीच सांगितलं होतं की मुलं एकत्र शिकणार. काळ्या मुलाला त्या वर्गात जागा द्यायची का, हा प्रश्न टेबलावर ठेवलेलाच नव्हता. ठेवला असता तर ॲननं बसू नये, असं मीही म्हटलं असतं. कशी शिकवायची, मारामाऱ्या कशा टाळायच्या, एवढंच बोलायचं होतं.

"म्हणजे आधी कायदा," मामा म्हणाले.

"आधी कायदा. तुमचं बरोबर होतं. पण कायदा झाल्यावर सतरा वर्षं गावात फारसं काही हललं नव्हतं, हेही आहे ना? कायद्यानं वर्गाचं दार उघडलं. आत गेल्यावर शेजारच्या बाकावरच्याकडं बघायचं कसं, ते त्या दहा दिवसांत ठरलं. आणि मैत्री, मामा, त्या दहा दिवसांत नाही झाली. नंतर झाली. द्वेषाचा आधार ढासळायला लागला तेव्हा मैत्रीला जागा झाली. मी इतके दिवस उलटं सांगत होते."

एलिसला त्या रात्रीची किंमत मोजावी लागली. जुन्या साथीदारांनी वाळीत टाकलं, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शाळा समितीच्या निवडणुकीला उभा राहिला, पडला. मग पुन्हा शाळेत जाऊन शिक्षण पुरं केलं आणि युनियनमध्ये आला. ड्यूक विद्यापीठात तो झाडलोट-दुरुस्तीची कामं करत होता, तिथल्या सदस्यांत बहुसंख्य काळे, त्यातही बायका. त्यांनी या माणसाला, क्लॅनच्या एके काळच्या म्होरक्याला, आपला पूर्णवेळ प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं. आणि त्यानं मालकांशी झगडून चाळीसेक काळ्या बायकांसाठी मार्टिन ल्युथर किंगच्या जन्मदिवसाची भरपगारी सुट्टी मिळवली. डरहॅममध्ये कुठल्याही युनियननं करारात मिळवलेली ती पहिलीच अशी सुट्टी. ज्याच्या मरणाचा त्यानं पंपावर आनंद केला होता, त्याच्या जन्मदिवसाची.

"हे चांगलं सांगितलंस," मामा म्हणाले. "त्यानं माफी मागितली त्यापेक्षा हे मोठं. सुट्टी कागदावर आली. तो मेला तरी राहिली."

"तो २००५ मध्ये गेला. अंत्यविधीला ॲन गेली. ती पुढं घरच्यांच्या जागेत बसलेली पाहून तिथल्या माणसानं हटकलं, तुमचं आणि त्यांचं नातं काय? ती म्हणाली, भाऊ. तो माणूस पुन्हा पुन्हा विचारत राहिला. ती उठली नाही."

बाहेर गॅलरीत पोरं दहीहंडीच्या सरावाला निघाली होती. मामांनी चहा ठेवायला उठायचं केलं, मग तसेच बसले.

"रिंगखात्यात एक होता," ते म्हणाले. "लिहिलंस तर नाव घालू नकोस. तिसऱ्या पाळीला गेटवर आम्ही कटिंग घ्यायचो. एक चहा दोघांत. मी काही तसला नव्हतो. मी त्याच्याबरोबर चहा पीत होतो, हे मी स्वतःला सांगत आलो. नायगावच्या बीडीडीत राहायचा. चौऱ्याहत्तरनंतर तो गेटवर थांबायचा बंद झाला. मी पण विचारलं नाही. पुढं आठ वर्षं रोज एकमेकांना दिसत होतो. त्याच्या आधी तो माझ्या लग्नाला आला होता, इथंच, खाली मांडव होता. तो पंगतीत कुठं बसला होता, ते मी गेली कितीक वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय. आपल्यात बसला का बाजूला? आठवत नाही. त्याला आठवत असणार."

मी काही बोलले नाही.

"दोन हजार एकच्या सुमाराला गिरणी कामगारांच्या घरांच्या मोर्चात भेटला. केस पांढरे झालेले. त्यानंच हाक मारली. त्यानंच नंबर दिला, म्हणाला, कधीतरी ये. मघाशी मी तुला म्हटलं ना, मार खाल्ला त्यानंच का पुढं व्हायचं? तो झाला होता पुढं. मीच नाही गेलो."

त्यांनी फडताळातून चॉकलेटांची पिशवी बाजूला सारून एक जुनी डायरी काढली. कुठल्यातरी पतपेढीची, पाठीचा पुठ्ठा सुटलेला. चष्मा लावून पानं उलटत राहिले. नंबर सापडला. शेजारी कंसात पी. पी. लिहिलेलं, म्हणजे फोन शेजाऱ्यांकडं, बोलवायला सांगायचं. त्या चाळी आता पाडायला काढल्यात, शेजारी तरी तिथं असतील का, असं माझ्या मनात आलं.

"हा तर सातच आकड्यांचा आहे," मामा म्हणाले.

"त्या वेळचा आहे. आता पुढं दोन लावायचा."

त्यांनी फोन माझ्याकडून घेतला. लांब धरून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत, आधी दोन लावला.